शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि आपला वाटा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'शाळा आणि तंत्रज्ञान' असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच भाग घेते. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवायचं ठरवलं आहे, आणि गेले काही आठवडे आपल्या ग्रुपवर एकच चर्चा रंगली आहे: डिजिटल बोर्ड द्यायचा की टॅब? माझं म्हणणं असं आहे की त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. ही वस्तू वर्गात आल्यावर ती वापरून शिकवायचं कसं, हे शिक्षक कुठे शिकणार? ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांच्यासमोर शिकवण्याविषयी बोलणं म्हणजे सूर्यापुढे काजवा. पण यंत्र आतून काय मोजतं आणि काय मोजू शकत नाही, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. तेवढ्याच अधिकाराने बोलते.

थोडं मागे जाऊ. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम येऊ लागले. तेव्हा टीव्ही मुलांना शिकवायचा आणि शिक्षक बाजूला उभे राहायचे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली. शिक्षक संगणकावर टाइप करायला, तक्ते करायला शिकले, पण त्या अभ्यासक्रमात 'वर्ग' नव्हता. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला, आणि खरी गंमत तिथे झाली. आपल्या जिल्हा परिषद शाळांमधले कितीतरी शिक्षक एकमेकांचं पाहून व्हिडिओ, चाचण्या, ॲप तयार करू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला. हे काम कोणत्याही आदेशाने सुरू झालेलं नव्हतं.

मग सरकारी व्यवस्था ऑनलाइन आली. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, 'दीक्षा' सुरू झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झालं ते समोरासमोर बसून. कोरोनामुळे ऑक्टोबर २०२० पासून तेच १८ घटकांमध्ये दीक्षावर आलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं. २०२२ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीसाठीचं प्रशिक्षणही ऑनलाइन झालं. म्हणजे बारा किंवा चोवीस वर्षं शिकवलेल्या शिक्षकाची वेतनश्रेणीही तेव्हा स्क्रीनवरच्या एका खुणेशी जोडली गेली.

याचा फायदा मोठा आहे, तो आधी सांगते. पूर्वी प्रशिक्षण पाझरत यायचं. राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना शिकवणार, ते तालुक्याला, तालुका केंद्राला. पुण्यात सांगितलेलं आहुप्याला किंवा हातवीजला पोचेपर्यंत त्यातलं किती उरायचं हे इथे बसलेले शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. ऑनलाइनमुळे मधल्या पायऱ्या गेल्या. घाटमाथ्यावरच्या शाळेतल्या शिक्षिकेला तालुक्याच्या गावी मुक्काम न करता तेच व्याख्यान ऐकता येतं, न समजलेलं पुन्हा ऐकता येतं. घर आणि लहान मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिकांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

पण एसटीने घोडेगावला किंवा जुन्नरला जाऊन केलेल्या त्या प्रशिक्षणात एक गोष्ट होती, ती ऑनलाइनमध्ये हरवली. चहाची सुट्टी! व्याख्यान कसंही असो, चहाच्या वेळी एक शिक्षक दुसऱ्याला विचारायचा, "तुझी पोरं अपूर्णांकाला अडतात का रे? मग तू काय करतोस?" खरं प्रशिक्षण बहुधा तिथेच व्हायचं.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते सांगते. तुम्ही व्हिडिओ लावला की प्रणाली नोंद करते: सुरू झाला, अर्धा झाला, संपला. शेवटचं पान उघडलं की 'पूर्ण'. प्रश्नांची उत्तरं टिकेपर्यंत आली की प्रमाणपत्र. फोन ओट्यावर ठेवून भाकरी थापल्या, की वहीत टिपणं काढत मन लावून ऐकलं, यातला फरक त्या नोंदीत दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात काय बदललं हे तर अजिबातच नाही. यात त्या प्रणाल्या बनवणाऱ्यांची लबाडी नाही. यंत्र जे सोपेपणाने मोजता येतं ते मोजतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण त्या आकड्यालाच शिक्षण समजतो आणि 'शंभर टक्के शिक्षक प्रशिक्षित' असा अहवाल वर जातो.

त्यात शिक्षकाच्या हातातला मोबाइल दिवसभर कशाला वापरला जातो ते पाहा. सरलची माहिती, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, लिंक, फोटो, आणि "आजच्या आज भरा" असे निरोप. आपण शिक्षकाला तंत्रस्नेही केलं, आणि त्या तंत्राचा बराचसा वेळ कारकुनीला लावला. अशा माणसाला रात्री नऊ वाजता आणखी एक कोर्स पाठवला तर तो भाकरी थापतच ऐकणार.

माझी एक वहिनी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिने सगळे कोर्स केले, प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली. एकदा मी तिला विचारलं, यातलं वर्गात काय वापरतेस? ती म्हणाली, "ताई, माझ्याकडे एक फोन, दोन वर्ग एका खोलीत, आणि रेंज शाळेमागच्या टेकाडावर. कोर्समधल्या बाईंकडे चाळीस टॅब होते." मग आम्ही दोघींनी एक साधा प्रयोग केला. त्याला नेट लागत नव्हतं. तिने फोन टेबलावर ठेवून स्वतःच्या पाठाची दहा मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड केला. ते रेकॉर्डिंग तिच्याकडेच राहणार, ते कोणी तपासणार नाही, असं ठरलं. घरी ऐकताना तिने फक्त दोन गोष्टी मोजायच्या होत्या: मी किती प्रश्न विचारले, आणि उत्तरासाठी किती थांबले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती थांबतच नव्हती. प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देत होती, नाहीतर पुढे बसणारी दोन-तीन मुलं देत होती. ठाकरवाडीवरून येणारी मुलं घरी वेगळी बोली बोलतात. प्रश्न मनात उलटवून, उत्तर जुळवून बोलायला त्यांना वेळ लागतो, आणि नेमका तोच मिळत नव्हता. तिने मनात तीन आकडे मोजून थांबायचं ठरवलं. आठवड्याभरात एका मुलीने, जी जूनपासून वर्गात बोलली नव्हती, उत्तर दिलं.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच दाखवलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प मुलं बोलू लागतात. वहिनीने हा भाग कुठल्यातरी कोर्समध्ये ऐकलाही असेल. पण स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तो तिचा झाला. आणि अजूनही ती महिन्यातून एकदा, कोणी न सांगता, रेकॉर्डिंग करते.

'कोणी न सांगता' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. माझ्या दृष्टीने प्रशिक्षण पूर्ण झाल्याची खूण प्रमाणपत्र ही नाही. एखादी गोष्ट शिक्षकाने दुसऱ्यांदा, स्वतःहून वर्गात वापरली, तर ते प्रशिक्षण झालं. पहिल्यांदा आपण साहेबांसाठी करतो, फोटोसाठी करतो. दुसऱ्यांदा मुलांसाठी करतो.

मग हे दुसऱ्यांदा कशाने घडतं? ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाचा असाच अभ्यास केला. व्याख्यान, प्रात्यक्षिक, सराव या सगळ्यांचा उपयोग होतो, पण शिकलेलं रोजच्या वर्गात उतरायचं असेल तर नंतर सोबत लागते. कुणीतरी वर्गात येऊन पाहणारं, फसलं तर पुन्हा कर म्हणणारं. पायथ्याशी उभं राहून पोहणं शिकवता येत नाही, विहिरीत उतरावं लागतं, हे आपल्या गावाकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

आपल्या शेजारीच याचं एक सुंदर चित्र उभं आहे. खोडदची दुर्बीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मुलं तिथे प्रदर्शन बघायला जातात. ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. त्यातले १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीचे १६ तीन दिशांना शेतांमधून, गावांमधून सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेले. एकट्या अँटेनाला आकाश धूसर दिसतं. सगळ्यांचे संकेत फायबरने एका ठिकाणी आणून जुळवले की तीच एक प्रचंड दुर्बीण होते. आपल्या दोन तालुक्यांतल्या लहान शाळा अशाच विखुरलेल्या आहेत. ऑनलाइनने आज प्रत्येक अँटेनाला वरून संदेश पाठवायची सोय केली. त्यांचे संकेत एकमेकांशी जुळवायचं काम मात्र राहून गेलं.

म्हणून निधीबाबत माझा प्रस्ताव असा. बोर्ड घ्यायला माझा विरोध नाही, पण निधीचा निम्मा भाग आणि आपला थोडा वेळ या कामाला द्यावा.

आपली शाळा आणि आजूबाजूच्या शाळांमधून, स्वतःहून येतील असे सहा शिक्षक. एक वर्ष. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एकच अडचण सांगायची. महिन्यातून एकदा, त्यांना सोयीच्या वेळी, ४५ मिनिटं ऑनलाइन भेटायचं. त्यात व्याख्यान नाही, फक्त 'मी काय करून पाहिलं आणि काय झालं'. ही आपली चहाची सुट्टी.

साधन अडचणीवरून ठरेल. समजा भूगोलात समोच्च रेषा कळत नाहीत. तर आधी सातगाव पठारावरचा एक बटाटा अर्धा कापायचा, त्याच्या आडव्या चकत्या करायच्या, एकेक चकती कागदावर ठेवून कडा गिरवायच्या. झाला नकाशा. मग शिवनेरीचं उपग्रहचित्र पडद्यावर दाखवायचं आणि विचारायचं, कडा कुठे, चढण सोपी कुठे? बटाटा आधी की पडदा आधी, हे शिक्षकच ठरवतील. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही मोफत सिम्युलेशन्स आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. दीक्षावरचे पाठही आधी उतरवून ठेवता येतात. रेंज टेकाडावर असली तरी वर्ग अडत नाही.

आपण इंजिनिअर, बँकवाले, दुकानदार, शेतकरी, जो येऊ शकेल त्याने वर्षातून दोनदा त्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही. केबल निसटली तर लावायची, प्रोजेक्टर रुसला तर बघायचं, आणि पाठ झाल्यावर शिक्षकांनी विचारलं तरच मत द्यायचं. पैसा लागेल तो दुरुस्तीला, बॅटरीला, पेनड्राइव्हला, येण्याजाण्याच्या खर्चाला. प्रमाणपत्र नाही, अहवाल नाही, भरायची लिंक तर नाहीच नाही. वर्षाअखेरीला एकच मोजायचं: किती पाठ दुसऱ्यांदा, कोणी न सांगता झाले.

बोर्डावर 'अमुक बॅचकडून सप्रेम भेट' असं रंगवता येतं, वेळेवर नाव घालता येत नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्या गुरुजनांनी सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या जादा तासांवर तरी कुणाचं नाव होतं?

पहिल्या सहा शिक्षकांमध्ये कोण, हे शाळेने ठरवावं. मागच्या बाकासाठी नावं मी आजच जेवणाच्या वेळी लिहून घेणार आहे. माझं नाव पहिलं.