दुपारचे ताट : शहापूर-मुरबाडमधील शालेय पोषण आहार



जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. यांतील आहार आणि ज्ञान एकाच छपराखाली मिळण्याचे ठिकाण म्हणजे गावची जिल्हा परिषद शाळा. तेथील दुपारच्या जेवणाला मात्र कोणी दान म्हणू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो बालकाचा हक्क ठरवला आहे. हा हक्क कागदावरून ताटापर्यंत कसा पोहोचतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याकाठी ३ किलो कोरडा तांदूळ मिळे. तांदूळ घरी गेला की तो घरातल्या सर्वांचा होतो. पाच-सात तोंडांत त्या मुलाच्या वाट्याला किती उरत असेल, हा हिशेब व्यापारी समाजाला शिकवायला नको. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे खिचडीचे पातेले शाळेच्या आवारात आले. पुढे ठरलेल्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य व ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला हेच १५०, ३० व ७५ ग्रॅम. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण असे झाले. मुलांच्या तोंडी नाव खिचडीच राहिले.

मात्र पातेल्यात तांदळाआधी पाणी पडावे लागते. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हापासून ते मुंबईची तहान भागवीत आहे. भातसाही याच शहापूर तालुक्यातले. असे असूनही दर उन्हाळ्यात या तालुक्यातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. जेथे विहीर तळ गाठते, तेथे स्वयंपाकी बाईचा दिवस चुलीपासून नव्हे, हंड्यापासून सुरू होतो. त्या बाईसाठी केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातील १० महिन्यांचे! राज्याने त्यात भर घातली, तरी एखाद्या दुकानातील नवख्या नोकरालाही यापेक्षा अधिक मिळते, हे स्पष्टच बोललेले बरे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. दिवाळी सरली, भात झोडून झाले की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. मुलेही बरोबर जातात. ताट शाळेत राहते आणि मूल भट्टीवर! पटावरील नाव आणि पंगतीत बसलेले मूल यांत पडणारे हे अंतर तांदळाचे माप वाढवून भरून निघणारे नाही. घरची दोन माणसे कामावर गेली तरी मुलाला गावातच ठेवता येईल, अशी सोय हवी.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. समाजातील अनेकांना तेव्हा समाधान वाटले. ते समजण्याजोगे आहे; पण ठाकूर-कातकरी मुलाच्या ताटातून गेलेल्या प्रथिनांच्या जागी काय आले, हे कितीजणांनी विचारले? त्यांच्या घरी मासळी चालते, कोंबडीही चालते. आहारशुद्धीचा आग्रह स्वतःच्या ताटापुरता शोभतो. दुसऱ्याच्या ताटातील वस्तू गेल्याचा आनंद मानणाऱ्यावर ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी येते. मटकी, हरभरा, वाटाणा, चवळी, शेंगदाणे हे तर समाजाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातले पदार्थ. त्या २० ग्रॅमचे ३५ ग्रॅम व्हायला फार मोठी थैली लागत नाही.

यासाठी निराळी योजना काढण्याचीही गरज नाही. पीएम पोषणमध्ये ‘तिथी भोजन’ या नावाने सण, वाढदिवस अशा प्रसंगी समाजाला शाळेच्या आहारात भर घालता येते. बहुतेक मंडळी अशा दिवशी मिठाई पाठवतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पातळ वरण. त्याऐवजी जन्मदिवस, पुण्यतिथी, तपाचे पारणे असे वर्षभराचे दिवस कुटुंबांनी वाटून घ्यावेत आणि उसळ, गूळ-शेंगदाणे, केळी यांची बांधिलकी नियमित घ्यावी.

अक्षय्य तृतीयेला ऋषभदेवांच्या इक्षुरसाच्या पारण्याचे स्मरण होते. तो दिवस वैशाखात येतो, पाडे टँकरवर असतात त्याच दिवसांत. म्हणून शाळेच्या चुलीजवळ पाण्याची टाकी द्यायची असेल, तर ती वैशाखात बसवून उपयोग नाही. पाऊस असतानाच ती भरायला लागली पाहिजे. कोणत्या शाळेला टाकी हवी आणि कोणत्या शाळेला कडधान्य, याची लेखी मागणी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीकडून जूनमध्ये शाळा उघडताच मागवावी, आणि विश्वस्त मंडळाने ती पर्युषणापूर्वीच्या सभेत विचारासाठी घ्यावी.