परिषदेचे दार आणि कायद्याची चौकट

(संस्थेच्या वार्षिक सभेत प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



रुग्णसेवेचा व जमाखर्चाचा आढावा आपल्यासमोर आलाच आहे. आम्ही एका लहान रकमेच्या तरतुदीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. परिचारिका व तंत्रज्ञ यांना व्यावसायिक परिषदांना उपस्थित राहता यावे यासाठी शिष्यवृत्ती निधी उभारावा, आणि त्यात अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग व महिला यांना अग्रक्रम द्यावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला. तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "असा अग्रक्रम लेखी दिल्यास संस्था कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाही ना?" अमेरिकेतील वार्ता वाचणाऱ्या कोणालाही हा प्रश्न रास्तच वाटेल.

तेथील व्यावसायिक संघटना कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य समाजांतील व्यक्तींना व्यवसायात व परिषदांत स्थान मिळावे म्हणून 'विविधता शिष्यवृत्ती' देत आल्या. जून 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती अवैध ठरविली. निकाल प्रवेशापुरता होता. तथापि त्याची छाया शिष्यवृत्त्यांवरही पडली. 2024 च्या आरंभी आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेवर, अवघ्या 1,250 डॉलरच्या विविधता शिष्यवृत्तीवरून, दावा गुदरला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये 'फिअरलेस फंड' या संस्थेच्या, कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांसाठी असलेल्या 20,000 डॉलरच्या अनुदानास अपील न्यायालयाने मनाई केली, आणि सप्टेंबरमध्ये ती योजना तडजोडीने बंद झाली. या खटल्यांना आधार होता 1866 च्या नागरी हक्क कायद्याचा. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना इतरांप्रमाणे करार करता यावेत म्हणून तो झाला होता. अनुदानाच्या बदल्यात अटी घातल्या की त्याचा करार होतो व करारात वंशभेद चालत नाही, असा हा युक्तिवाद. पुढे जानेवारी 2025 मध्ये, केंद्र सरकारचे कंत्राट वा अनुदान घेणाऱ्यांनी आपण भेदभावविरोधी कायद्याचा भंग करणारे विविधता कार्यक्रम चालवीत नसल्याचे प्रमाणित करावे, असा अध्यक्षीय आदेश निघाला. अशा स्थितीत परिषद भरविणाऱ्यांपुढे दोन मार्ग उरतात: शिष्यवृत्ती बंद करणे, अथवा वंशाऐवजी आर्थिक गरज, दुर्गम भाग, पहिलीच परिषद असे निकष ठेवून ती सर्वांस खुली करणे.

आपल्याकडील कायद्याची चौकट मात्र निराळी आहे. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 15(4) आला व मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यसंस्थेस मिळाला. धर्मादाय संस्थांपुरते पाहिले, तर 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 13 ने विशिष्ट धर्मसमुदायाच्या वा जातीच्या हितासाठी स्थापन झालेल्या न्यासास करसवलत नाकारली; परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला व मुले यांच्यासाठी असलेल्या न्यासास ही अडचण लागू नाही, असे नमूद केले. अर्थात खर्च न्यासाच्या उद्दिष्टांत बसलाच पाहिजे. निर्धन रुग्ण निधीत जमा होणारी एकूण देयकांची 2 टक्के रक्कम केवळ रुग्णांची आहे; तिला या कामासाठी हात लावता येणार नाही.

दुसरा दंडक औषध कंपन्यांविषयीचा. मार्च 2024 च्या केंद्रीय आचारसंहितेनुसार, वक्ता म्हणून निमंत्रित असल्याखेरीज, कंपनीने आरोग्य व्यावसायिकाच्या परिषदेचा प्रवास व निवास यांचा भार उचलावयाचा नाही. हा दंडक आम्हांस इष्टच वाटतो. कंपन्यांचे ते साहाय्य डॉक्टरांपर्यंत पोहोचे. परिचारिकेपर्यंत ते क्वचितच आले. आता प्रत्येक संस्थेस स्वतःच्या तिजोरीतून ठरवावे लागेल की, कोणास पाठवावयाचे.

येथे एक कबुली देणे आम्ही कर्तव्य समजतो. आमच्या एका परिचारिका भगिनींचा शय्याव्रणांवरील निबंध एका परिषदेने स्वीकारला होता. नोंदणी शुल्क आगाऊ भरावयाचे होते, आणि त्यांच्या रात्रपाळीस बदली मिळाली नाही. निबंध अन्य कोणी वाचला. ज्यांनी रात्री जागून रुग्णांच्या कुशी बदलल्या व नोंदी ठेवल्या, त्या त्या दिवशीही वॉर्डातच होत्या. कोणत्याही कायद्याने त्यांना अडविले नव्हते. आमच्या कामाच्या तक्त्याने अडविले. त्याचा दोष प्रशासनाकडे, म्हणजे आमच्याकडेच येतो.

म्हणून निधीच्या नियमावलीत आम्ही तीन गोष्टी सुचविल्या आहेत. निकष व अग्रक्रम लेखी असावेत आणि निवडीची कारणे इतिवृत्तात नोंदवावीत. नोंदणी व प्रवासाचा खर्च संस्थेने आधीच भरावा. परिचारिकेने पावत्या घेऊन महिनोन्महिने लेखा विभागाच्या दारी उभे राहू नये. आणि पाळीवरील बदली व्यक्तीचे वेतन याच निधीतून द्यावे, कारण त्याविना शिष्यवृत्ती कागदावरच राहील.

लेखापरीक्षकांचा प्रश्न आम्ही अडथळा मानीत नाही. नीट लिहिलेला नियम दुर्बळाचे संरक्षणही करतो. परंतु भीतीपोटी उद्देशच खोडून टाकला, तर ताळेबंद जुळेल आणि सभागृहातील त्या खुर्च्या पूर्वीसारख्याच रिकाम्या राहतील. विश्वस्त मंडळाने या तरतुदीस मान्यता द्यावी व देणगीदारांनी तीत यथाशक्ती भर घालावी, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.