कूटाची उकल आणि यंत्राची साक्ष
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवी व्याख्यानांत संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत आम्ही आज बुद्धिबळाची कूटे घेऊन बसलो आहोत. रायपूरच्या रस्त्यावर या खेळाला शतरंज म्हणतात. उंबरठा ओलांडून घरात आला की तोच बुद्धिबळ होतो. त्याचा आणि मराठी माणसाचा ऋणानुबंध जुना आहे. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संयुक्त विजेत्यांपैकी एक रामचंद्र सप्रे होते. खाडिलकर भगिनींचे नाव तर सर्वतोमुखी आहे. त्यांपैकी रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. आपल्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. खुद्द रायपुरातही २०२२ च्या सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा भरली होती. तेव्हा या विषयाबद्दल क्षमा मागण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

पूर्वी साप्ताहिकात बुद्धिबळाचे कूट छापून येई आणि उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. मधल्या आठ दिवसांत घरातील पटावर तीच मांडणी पडून असे. येता-जाता कोणी उंट सरकवून पाही, कोणी घोडा. आता मूल मांडणी फोनमध्ये घालते आणि क्षणार्धात उकल हाती येते. १९९७ मध्ये डीप ब्ल्यू या यंत्राने जगज्जेत्या कास्पारॉव्हला सामन्यात हरविले, तेव्हा ते अवाढव्य यंत्र होते. आज स्टॉकफिशसारखे त्याहून कितीतरी बलवान एंजिन फुकट मिळते आणि खिशात मावते. मग आजोबांनी तासभर शोधलेली उकल नातू अर्ध्या मिनिटात खोटी ठरवतो, आणि घरात प्रश्न उभा राहतो: यंत्र म्हणेल ते प्रमाण मानावे काय?

आमचे उत्तर असे की, यंत्राची साक्ष जरूर घ्यावी. परंतु साक्षीदाराला प्रश्न नीट विचारावा. प्रथम मांडणी बरोबर आहे ना, चाल कोणाची आहे, हे पाहावे. पुस्तकातील एखादे प्यादे छपाईत गळले असेल तर यंत्र प्रामाणिकपणे भलत्याच कूटाचे उत्तर देईल. दुसरे असे की, एंजिनाला एकच सर्वोत्तम चाल न विचारता दोन-तीन चाली शेजारी शेजारी दाखवावयास सांगता येते. चांगल्या कूटाला जिंकण्याचा एकच मार्ग असतो. दुसऱ्या चालीनेही डाव तितकाच सहज जिंकला जात असेल तर कूट सदोष आहे, सोडविणारा नव्हे! पटावर राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली असतील तर अंदाजाचेही कारण उरत नाही. अशा मांडण्यांचा निकाल गणकयंत्रांनी पूर्णपणे मांडून ठेवला आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण पटावर लावून पाहा. पांढरा राजा बी-६ वर, प्यादे सी-६ वर. काळा राजा ए-१ वर, हत्ती डी-५ वर. चाल पांढऱ्याची. प्यादे सी-७ वर जाते, काळा हत्ती डी-६ वरून शह देतो. पांढरा राजा बी-५, बी-४, बी-३ असा उतरत येतो, हत्ती मागोमाग शह देत राहतो, आणि शेवटी राजा सी-२ वर पोचतो. आता काळा हत्ती डी-४ वर जाऊन सापळा रचतो. प्याद्याचा वजीर केला की हत्ती सी-४ वर येऊन शह देतो. वजिराने तो मारला की काळ्या राजाला शह नाही आणि हलावयास घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए या संपादकाने हे बरोबरीचे कूट म्हणूनच छापले. त्या गावी राहणारे सावेद्रा नावाचे धर्मगुरू काही थोर खेळाडू नव्हते. पण त्यांनी विचारले, वजीरच का? हत्ती करा! आता ए-८ वर मातेची धमकी येते. काळ्याला हत्ती ए-४ वर आणावाच लागतो. पांढरा राजा बी-३ वर सरकतो आणि हत्ती खाणे व सी-१ वर मात करणे या दोहोंपैकी एक टळत नाही. आजचे एंजिन हे निमिषात सांगते. सावेद्रांनी ते यंत्राविना पाहिले, आणि त्या एका चालीने त्यांचे नाव राहिले.

आता आपल्या घरच्या कूटांकडे वळतो. पेशवाईच्या अस्तकाळात तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यात शंभरावर मांडण्या आहेत. आपल्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात ही सर्वांत मानाची. वजिराने मात काय, कोणीही करील! प्यादेमातीचे असे एखादे कूट एंजिनात घाला. ते वजिराची तीन खेळ्यांची मात दाखवून मोकळे होईल, आणि सहा खेळ्यांत प्याद्याने मात करणाऱ्या आजोबांची उकल वाईट ठरवील. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला फक्त लवकर जिंकणे ठाऊक आहे. देशी नियम तर त्याच्या गावीच नाहीत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालते, शह बसण्यापूर्वी राजा एकदा अडीच घरे उडू शकतो, प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर बुर्जी होऊन डाव बरोबरीत सुटतो. हे न सांगता मिळविलेला निकाल आपल्या कूटाचा नव्हेच.

मुलांच्या बाबतीत आमचा आग्रह एवढाच की, उकल आधी कागदावर पुरी लिहावी, प्रतिपक्षाच्या उत्तम बचावासह. फोन मागाहून उघडावा. बहुतेक वेळा पहिली चाल बरोबर येते आणि बचाव निसटलेला असतो. तो कोठे निसटला हे यंत्र अचूक दाखविते, आणि तेवढ्यासाठी त्याच्यासारखा गुरू नाही. पहिल्याच मिनिटाला बटण दाबणाऱ्यास मात्र चाल मिळते, खेळ मिळत नाही.

देशी नियमांच्या तपशिलात घरोघर फरक असे. ज्यांनी ते वडीलधाऱ्यांकडून ऐकले ती मंडळी आज या सभागृहात पुढच्या रांगांत बसली आहेत. मंडळाच्या वाचनालयात एक वही ठेवावी आणि बुर्जी, प्यादेमात, राजाची अडीच घरे, प्याद्याची बढती यांविषयी ज्याला जे आठवेल ते त्याने आपल्या मूळ गावाच्या नावासह तीत लिहावे, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. पाठीमागच्या पानांवर कूटे लिहिण्यास जागा सोडावी. तपासणीचे काम नातवंडे करतील. त्यांच्या खिशात यंत्र आहेच.