ग्लोव्ह्ज घ्या, पण आधी बकल सोडून बघा

आठवडाभर मी कोड लिहितो आणि रविवारी फ्रीडायव्हिंगचा सराव करतो. गेल्या डिसेंबरात लोणावळ्यात एका उघड्या पूलमध्ये सकाळी सातला उतरलो. थोड्या वेळात बोटं इतकी बधिर झाली, की वेट बेल्टचं बकलच सुटेना. बडी शेजारी होता म्हणून निभावलं.

मग हौसेने ५ मिमीचे ग्लोव्ह्ज घेतले. ऊब मिळाली, पण नाक चिमटीत येईना! आणि नाक दाबून कान मोकळे केल्याशिवाय खाली जायचं कसं? आता २ मिमीचे वापरतो.

निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे ऊब धरतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात, ऊब घटते. म्हणून नुसती जाडी बघू नका, फिटिंग बघा. सैल असेल तर आत गार पाणी खेळतं, फार घट्ट असेल तर रक्त अडतं. फिन्स नेहमी सॉक्स घालूनच ट्राय करा.

दुकानात ग्लोव्ह्ज घालून नाक चिमटा, बकल सोडा. जमलं तरच पैसे द्या.

आणि हो, सराव पूलमध्येच, बडीसोबतच. पवना धरणात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे उतरू नका.