राखेचें सिमेंट

घर बांधावयास काढलेल्या गृहस्थापुढें सिमेंटचें जें पोतें येतें, त्यावर पुष्कळदां राखेचें प्रमाण छापलेलें असतें. तें वाचून गृहस्थ दचकतो. दुधांत पाणी तशी सिमेंटांत राख, असें त्यास वाटतें. आणि दुकानदारहि "हल्ली असेंच येतें" एवढें सांगून मोकळा होतो. वस्तुतः त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं.

ही राख चुलींतील नव्हे. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाची पूड जाळतात, तेव्हां धुराबरोबर निघालेली अत्यंत बारीक राख धुराड्यांतून निसटण्यापूर्वीच विजेच्या यंत्रानें धरतात. तिचे बहुतेक कण कांचेसारखे व वाटोळे असतात. आतां, सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, तेव्हां थोडा मोकळा चुना सुटतो. हा काँक्रीटचा दुबळा भाग. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर तो निघून जातो. राखेंतील सिलिका त्याच चुन्याला हळूहळू आपल्याशीं जोडून घेते व त्याचें बळकट द्रव्य बनविते. नेपल्सजवळील पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यांत कालवून रोमन लोकांनीं समुद्रांत धक्के बांधले, आपल्याकडील गवंडी चुन्यांत विटांची सुरखी घालीत, गुण हाच. लोखंडाच्या झोतभट्टींतील मळी पाण्यानें एकदम थंड केली असतां तीहि अशीच उपयोगी पडते.

शिवाय राखेमुळें काँक्रीट जमतांना उष्णता कमी निघते व मोठ्या बांधकामास तडे जाण्याचें भय घटतें. अमेरिकेंतील माँटाना राज्यांत १९५३ सालीं पुरें झालेलें हंग्री हॉर्स धरण याच विचारानें राख घालून बांधलें. सह्याद्रींत घाटघर येथील जलविद्युत्-योजनेच्या धरणांत तर सिमेंटपेक्षां राखच अधिक आहे.

आणि राख वापरली नाहीं, तर ती जाते कोठें? आपल्या कोळशांत राखेचा अंश तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधीं त्याहूनहि अधिक. ती पाण्यांत कालवून तलावांत सांठवितात. जुलै २०२२ मध्यें नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या अशा तलावाचा बांध फुटला आणि राखेचा लोंढा भोंवतालच्या शेतांत व नाल्यांत शिरला. उलट बाजूस, चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवून सिमेंटचा एक टन कच्चा खडा काढावयाचा, तर पाऊण टनाहून अधिक कर्बवायु हवेंत जातो.

मात्र राखेचें काम सावकाश चालतें, आणि घोटाळा होतो तो येथेंच. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस पाणी मारावें लागतें. राखमिश्रिताला निदान १०. उन्हाळ्यांत याहूनहि अधिक मारणें बरें. कंत्राटदारास सेंट्रिंग काढण्याची घाई, पाण्याचा टँकर महाग; मग स्लॅब कच्चा राहतो व दोष राखेवर येतो. भारतीय मानकानें राखेचा वाटा १५ ते ३५ टक्के ठरविला आहे, आणि तो कारखान्यांतच मिसळलेला असतो. त्या पोत्यांत जागेवर पुन्हां तलावांतील जाडीभरडी राख फावड्यानें ओढणारा मात्र खरोखरच भेसळ करीत असतो, आणि त्याला घरमालकानें तेथल्या तेथें थांबविलें पाहिजे.