विधीआधी दया
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तथापि आजचा विषय माझ्या खातेवहीपासून फारसा दूर नाही.

मत्तय हा जकात नाक्यावर पैसे मोजणारा मनुष्य होता. त्याच्या पाचारणानंतर प्रभू येशू जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून परूशी नाराज झाले. तेव्हा त्यांना होशेय संदेष्ट्याच्या शिकवणीची आठवण देण्यात आली : देवाला यज्ञार्पणाहून दया अधिक प्रिय आहे. याचा अर्थ विधी टाकाऊ आहेत असा नव्हे. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर याजकाकडे जाऊन नेमलेले अर्पण करण्यास येशूनेच सांगितले होते. प्रश्न केवळ क्रमाचा आहे. दोन्ही एकाच वेळी दारात उभी राहिली, तर आधी कोणाला आत घ्यावे?

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त आपणांस परिचित आहे. याजक आणि लेवी जखमी वाटसरूला टाळून पुढे गेले. शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि दोन दीनार, म्हणजे सुमारे दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हाती ठेवली. अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, अशी हमीही दिली. हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहता, ही आगाऊ रक्कम आणि जामीनकी होय. दया ही केवळ भावना नाही; तिला खर्चाचे खाते लागते.

आपल्याच प्रदेशात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणून केडगावी आश्रय दिला. त्यांच्या प्रार्थनेइतकीच त्यांची स्वयंपाकघरेही सेवेत होती.

आपल्या नित्य जीवनात ही कसोटी लहान रूपाने येते. रविवारी उपासनेस निघताना शेजारच्या आजींना दम लागतो. लेंटच्या काळात जेवण वर्ज्य होते. परंतु वाचलेला घास भुकेल्यापर्यंत पोहोचतो काय? उपासना पुढील रविवारीही होईल. आजींचा श्वास थांबणार नाही.

रुग्णालयाचेही विधी असतात : अर्ज, अनामत, शिक्के, सह्या. ते आवश्यक आहेत, अन्यथा विश्वस्त निधीचा हिशेब राहणार नाही. परंतु मध्यरात्री अत्यवस्थ रुग्ण आला असता अनामतीची पावती ही आमची वेदी होऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली, २००६ पासूनची धर्मादाय रुग्णालयांची योजना हेच सांगते : १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. कायदा किमान मर्यादा सांगतो. दयेने तेथून पुढे जावे.

देणगीदारांस एक नम्र विनंती. बाप्तिस्मा, विवाह वा स्मृतिदिनानिमित्त संगमरवरी फलक लावण्याची इच्छा स्वाभाविक आहे. त्याऐवजी एका रुग्णाचा औषधखर्च उचलावा. फलकावर नाव राहणार नाही. परंतु एखादा कर्ता पुरुष, एखादी माता, घरी परतेल.

नातेवाईकांनी संकोच न करता अडचण आधी सांगावी. कागदपत्रे मागाहून पाहता येतील.