कोंबडीला विचारलेला प्रश्न

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीसारख्या प्रसंगी पुस्तकाच्या सामर्थ्याविषयी बरेच बोलले जाते. एखाद्या पुस्तकाने राज्यकर्त्यांची झोप उडविली, एखाद्याने समाजाची दृष्टी पालटली, अशी उदाहरणे श्रोत्यांच्या परिचयाची असतात. एका पुस्तकाने कोंबडीच्या पायाखालच्या जाळीची चौकशी करावयास सरकारला भाग पाडले, ही हकीकत मात्र तुलनेने अपरिचित आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय ती हकीकत आणि तिच्यातून वाढीस लागलेले शास्त्र हा आहे.

पुस्तकाचे नाव 'अ‍ॅनिमल मशीन्स'. ते १९६४ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. लेखिका रूथ हॅरिसन या प्राणिशास्त्रज्ञ नव्हत्या आणि पशुवैद्यही नव्हत्या. एके दिवशी त्यांच्या घरी एक पत्रक येऊन पडले. मांसासाठी वासरांना कोंडून कसे वाढवितात, याचे वर्णन त्यात होते. हॅरिसनबाई शाकाहारी होत्या. आपला या प्रकाराशी संबंध नाही, असे म्हणून पत्रक बाजूला टाकणे त्यांना सहज शक्य होते. परंतु न खाणाऱ्याचे मौनही संमतीसारखेच ठरते, या जाणिवेने त्यांनी विषयाचा पाठपुरावा केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीचे कारखान्यात कसे रूपांतर झाले, हे तपशीलवार मांडले. पुस्तकाला प्रस्तावना लाभली ती रॅचेल कार्सन यांची. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरील त्यांचे 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ साली गाजले होते.

पुस्तकाने ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. त्याच वर्षी सरकारने प्राणिशास्त्रज्ञ प्रा. रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल डिसेंबर १९६५ मध्ये बाहेर आला. उभे राहणे, बसणे, वळणे, अंग साफ करणे आणि अवयव ताणणे एवढे तरी पाळीव जनावराला बिनअडथळा करता आले पाहिजे, अशी किमान अपेक्षा त्यात नमूद होती. ही मागणी वाचताना अतिशय माफक वाटते. ती सरकारी अहवालात लिहून ठेवावी लागली, यावरूनच त्या काळच्या पिंजऱ्यांची कल्पना येते.

याहून दूरगामी ठरले ते समितीचे दुसरे प्रतिपादन. जनावराचे दुःख त्याच्या आवाजावरून, हालचालींवरून, प्रकृतीवरून आणि वर्तनावरून ओळखता येते. सबब पाळीव जनावरांच्या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, असा आग्रह तिने धरला. केंब्रिजचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. थॉर्प हे समितीचे एक सदस्य होते. प्राण्याच्या मनाविषयी बोलणे हे अशास्त्रीय भावुकतेचे लक्षण मानण्याकडे त्या काळच्या विद्वानांचा कल होता. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे या आग्रहाचे मोल कळते.

समितीने आणखी एक शिफारस केली होती आणि खरी गोष्ट तेथूनच सुरू होते. पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी वापरू नये. ती पायाला त्रासदायक असावी. तिच्याऐवजी जाड तारेची चौकोनी जाळी बरी, असे समितीचे मत पडले. मत सद्‌हेतूने दिलेले होते आणि देणारे जाणकार होते. बारीक तार पायात रुतेल, जाड तार रुतणार नाही, हा तर्क कोणासही पटण्याजोगा होता.

एडिंबरोच्या कुक्कुट संशोधन केंद्रातील ह्यूजेस आणि ब्लॅक या अभ्यासकांनी १९७३ साली एक साधी युक्ती केली. त्यांनी निरनिराळ्या जाळ्यांचे तळ कोंबड्यांपुढे ठेवले आणि त्या कोठे अधिक वेळ उभ्या राहतात, ते मोजले. कोंबड्यांनी समितीने नाकारलेली बारीक षट्कोनी जाळीच पसंत केली. बारीक जाळीवर पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळतो, हे नंतर ध्यानात आले. समितीने कोंबडीच्या वतीने विचार केला होता. परंतु तो माणसाच्या तळव्याने केला होता.

या लहानशा प्रयोगाचे महत्त्व फार मोठे आहे. दुसऱ्याचे दुःख जाणण्यासाठी आपणास त्याच्या जागी कल्पून पाहावे, अशी शिकवण सर्वत्र दिली जाते. ती थोर आहे, पण अपुरी आहे. ज्याच्या जागी स्वतःला कल्पावयाचे, त्याचे शरीर, त्याची इंद्रिये आणि त्याच्या गरजा निराळ्या असतील, तर कल्पना चुकते. तेव्हा ज्याचे दुःख त्यालाच विचारणे हाच मार्ग उरतो.

परंतु बोलू न शकणाऱ्या प्राण्याला विचारावे कसे? या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचे मोठे श्रेय ऑक्सफर्डच्या मेरियन स्टॅम्प डॉकिन्स यांना जाते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी कोंबड्यांना पिंजरा आणि बाहेरचे मोकळे आवार यांपैकी एकाची निवड करू दिली. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या प्रथम पिंजऱ्याकडेच वळल्या. प्रयोग तेथेच थांबला असता, तर पिंजरेवाल्यांना आयतेच प्रमाणपत्र मिळाले असते. पण मोकळ्या जागेचा थोडा अनुभव घेताच त्याच कोंबड्या तिची निवड करू लागल्या. सवयीने जडलेली आवड आणि दोन्ही गोष्टी अनुभवून केलेली निवड यांतील हा भेद माणसांच्या बाबतीतही विचार करण्याजोगा आहे.

पुढच्या प्रयोगांत त्यांनी प्रश्न अधिक अवघड केला. एका बाजूस ऐसपैस पिंजरा, पण तळाला उघडी जाळी. दुसऱ्या बाजूस लहान पिंजरा, पण तळाला भुसा. कोंबड्यांनी अडचण सोसून भुसा पत्करला. उकिरडा उकरणे आणि धुळीत लोळून पिसे झाडणे हा कोंबडीचा जन्मजात व्यवसाय आहे. जाळीवर ठेवलेली कोंबडीही धूळ नसताना धुळीत लोळण्याच्या हालचाली करते, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. दयाळू माणूस केवळ जागेच्या इंचांचा हिशेब मांडीत होता. कोंबडीच्या लेखी पायाखाली काय आहे, याला अधिक किंमत होती.

पण आवड म्हणजे गरज नव्हे, असा आक्षेप यावर घेता येतो. मुलाला खाऊ आवडतो. खाऊ न मिळाल्यास त्याचा छळ झाला असे कोणी म्हणत नाही. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी अभ्यासकांनी कोंबडीला किंमत मोजावयास लावली. जोनाथन कूपर आणि मायकेल ॲपलबी यांच्या प्रयोगांत घरट्याकडे जाणारे दार ढकलून उघडावे लागे आणि ते उत्तरोत्तर जड होत जाई. अंडे घालण्याची वेळ जवळ येते तशी कोंबडीची धडपड वाढते. काही तास उपाशी राहिलेली कोंबडी अन्नासाठी जेवढा जोर लावते तेवढा, किंबहुना त्याहूनही अधिक जोर ती घरट्यासाठी लावते, असे त्यांना २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. अंड्यावर आलेली कोंबडी कोनाडा शोधत घरभर फिरते आणि टोपलीत चार काड्या घालून ठेवल्या की निवांत होते, हे कोंबड्या पाळणाऱ्या खेड्यातील आजीला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. शास्त्राने या माहितीला माप दिले, आणि ज्याला माप आहे ते कायद्यात लिहिता येते.

कायदा मात्र सावकाश चालतो. युरोपीय समुदायाच्या १९८० च्या दशकातील नियमांनी एका कोंबडीस किमान ४५० चौरस सेंटिमीटर जागा ठरविली. टंकलेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या ए-४ कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे पुऱ्या कागदाएवढीही जागा नव्हती. १९९९ च्या नव्या आदेशाने उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद ठरविले. पिंजरा ठेवावयाचाच असेल, तर प्रत्येक कोंबडीस ७५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी आणि घरटे, बसावयास दांडी व उकरावयास भुसा यांचीही सोय करावी, असे बंधन घातले. हॅरिसनबाई २००० साली निवर्तल्या. जुने पिंजरे बंद होण्याचा दिवस त्यांना पाहता आला नाही; तो ठरलेला तेवढा पाहता आला.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. मोकळ्या कोंबड्यांना जंत होतात, कोल्हा त्यांना पळवितो, त्या एकमेकींची पिसे उपटतात आणि उंचावरून उतरताना त्यांच्या छातीचे हाड मोडते. पिंजऱ्याबाहेर काढले की कल्याण झाले, इतके हे प्रकरण सोपे नाही. अंडे महाग होते, तेव्हा गरिबाच्या ताटाचाही विचार करावा लागतो. म्हणूनच डॉकिन्सबाईंनी पुढे साऱ्या विषयाचा निचोड दोन प्रश्नांत मांडला: जनावर निरोगी आहे काय? आणि त्याला जे हवे ते त्याच्यापाशी आहे काय? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा टाळता येत नाही.

ब्रिटनच्या पाळीव पशुकल्याण परिषदेने १९७९ पासून ब्रॅम्बेल समितीच्या अपेक्षांना 'पाच स्वातंत्र्यां'चे रूप दिले: भूक व तहान, गैरसोय, वेदना व रोग, भय व क्लेश यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक. हीच सूत्रे पुढे भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांवरील निकालात न्यायालयाने त्यांचा आधार घेतला. पुढे तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी आपापले कायदे बदलले आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ते बदल ग्राह्य ठरविले. वाद शर्यतीचा होता. पण बैलाच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादाची भाषा एका पत्रकाने अस्वस्थ झालेल्या वाचक बाईच्या पुस्तकापर्यंत मागे नेता येते.

भारताला ही जाणीव परक्यांकडून उसनी घ्यावी लागली, असेही नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. जनावराला हालचालीस वाजवी वाव मिळणार नाही, अशा पिंजऱ्यात कोंडणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला. ब्रॅम्बेल समितीच्या अहवालाच्या पाच वर्षे आधी हे शब्द कायद्यात आले. तरीही बाजारात विकली जाणारी बहुतेक अंडी पिंजऱ्यातील कोंबड्यांचीच असतात. महाराष्ट्रात बैलाला पोळा आहे, बेंदूर आहे, खांदेमळणी आहे. गायीला घरातले नाव असते. कोंबडीच्या वाट्याला सण नाही आणि नावही नाही. तिची आठवण होते ती म्हणीत: कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही.

ही म्हण या विषयाला नेमकी लागू पडते. पिंजरे गावाबाहेर असतात, अंडी स्वच्छ पुठ्ठ्यात येतात आणि मध्ये काय घडते हे झाकलेले राहते. ते झाकण एका पुस्तकाने उचलले. आत काय आहे हे कोंबडीला विचारून घेण्याची रीत शास्त्रज्ञांनी शोधली आणि मिळालेले उत्तर आपल्या अंदाजाविरुद्ध गेले तरी ते मान्य केले. दयेला ही शिस्त लागली, तर ती दुबळ्याच्या उपयोगी पडते. अशी पुस्तके कपाटात असणे हे ग्रंथालयाचे वैभव आहे. ती वाचून एखाद्या सभासदास स्वस्थ न बसवणे हे त्याचे कार्य आहे. या संस्थेच्या पुढील शतकात ते कार्य अखंड चालो, हीच सदिच्छा.